न पाहता लिहू नकोस
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या मेळाव्याच्या संयोजकांनी मला फोनवर तीन सूचना दिल्या. "तू अलास्कात राहतेस, तर तिथल्या अस्वलांवर आणि देवमाशांवर बोल. पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नकोस. आणि कॉम्प्युटरवर अजिबात बोलू नकोस." पहिल्या दोन सूचना पाळते. तिसरी थोडीशी मोडणार आहे, तेवढं समजून घ्या.

सुरुवात मात्र अलास्कापासून नाही, आपल्याच वर्गापासून करते.

आपण नववीत असताना सरांनी प्रत्येकाला एक निसर्गवही करायला लावली होती, आठवतंय? शंभर पानी, खाकी कव्हरची. त्यात लिहायचं काय, तर पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, काजवे कधी दिसले, आंब्याला मोहोर कधी आला, सावर कधी फुलली. आणि एक खास नोंद, कुरवांची. थंडीच्या सुरुवातीला आपल्या खाडीच्या तोंडाशी पांढऱ्या पक्ष्यांचे थवे येऊन बसतात ते कुरव, म्हणजे सीगल. ते कधी आले आणि कधी परत गेले, दोन्ही तारखा हव्यात, असं सरांनी बजावलं होतं.

मग मार्च १९९४ मधला तो तासही काहींना आठवत असेल. सरांनी वह्या तपासायला घेतल्या. सगळ्यांत वर होती ती माझ्या बाकावरच्या माझ्या मैत्रिणीची. सरांनी वाचलं, "१४ मार्च. आज कुरव परत गेले." त्यांनी तिला उभं केलं. "कुणी पाहिलं?" ती गप्प. "मी काल संध्याकाळी खाडीवर होतो. दीडशेच्या वर कुरव होते. अजून त्यांची डोकी नीट तपकिरीसुद्धा झालेली नाहीत. ती झाल्याशिवाय ते जात नाहीत." आणि मग ते वाक्य, जे पुढे आपल्या वर्गात विनोद म्हणून चाललं: "नाही दिसलं तर 'नाही दिसलं' असं लिही. गेली नसशील तर 'गेले नव्हते' असं लिही. पण न पाहता लिहू नकोस."

वही तिच्याकडे परत आली. पुढच्या वर्षीच्या तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी सर जी दोन नावं देणार होते त्यांत तिचं होतं, ते गेलं. तिच्या जागी माझं नाव लागलं.

इथे थोडं थांबते. या गोष्टीकडे शेवटी परत येणार आहे.

आता अलास्का. नवऱ्याच्या नोकरीमुळे २०१३ मध्ये आम्ही जुनो या गावी राहायला गेलो. अलास्काच्या राजधानीचं गाव, पण वस्ती बत्तीस हजारांच्या आसपास. राजधानी असूनही तिथे मोटारीने जाता येत नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, त्यामागे बर्फाची पठारं. जायचं तर विमानाने, नाहीतर बोटीने. भोवताली टाँगास नावाचं जंगल आहे, सुमारे १ कोटी ७० लाख एकरांचं. स्प्रूस आणि हेमलॉकची झाडं, बुंध्यांवर हातभर शेवाळ. आणि पाऊस! आपला पाऊस चार महिने ठोकून काढतो आणि मग दसऱ्याला तोंडही दाखवत नाही. तिथला पाऊस वर्षभर पिरपिरत असतो. पहिल्या महिन्यात मी आईला फोनवर म्हटलं, "इथे बारमाही आषाढ आहे."

उजेडाचं गणितही वेगळं. जून महिन्यात सव्वाअठरा तासांचा दिवस, डिसेंबरात सहा तास वीस मिनिटांचा. डिसेंबरात मी काम सुरू करते तेव्हा बाहेर अंधार असतो आणि दुपारचा चहा होईतो पुन्हा अंधार. पहिली दोन वर्षं मला ते फार जड गेलं. मी घरून काम करत होते, ओळखी कमी, समोर दिवसभर पडदा. मन रमेना म्हणून रोज संध्याकाळी ऑक बे नावाच्या खाडीच्या काठाने वीस मिनिटं चालायला लागले. आणि एक दिवस दुकानातून शंभर पानी वही घेऊन आले. का घेतली ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

त्या वहीतलं एक वर्ष तुम्हाला थोडक्यात सांगते.

मार्चअखेर ते एप्रिल हा हेरिंगचा काळ. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या जातकुळीतला मासा. लाखोंच्या संख्येने किनाऱ्याशी येऊन अंडी घालतो. आमच्या दक्षिणेला सिटका नावाचं गाव आहे, तिथे त्या दिवसांत किनाऱ्यालगतचं पाणी दूध मिसळल्यासारखं पांढरं होतं. तिथले मूळ रहिवासी त्लिंगिट लोक हेमलॉकच्या फांद्या पाण्यात सोडून ठेवतात. मासे त्यांवर अंडी घालतात, मग अंड्यांनी मढलेली फांदी वर काढायची आणि ती अंडी खायची. यात मासा मरत नाही, पुढच्या वर्षी तो पुन्हा येऊ शकतो. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मग जाळं टाकायचं, त्यामागे हाच शहाणपणा आहे असं मला तेव्हा वाटलं.

त्याच सुमाराला जंगलात ओलसर जागी पिवळीधमक स्कंक कॅबेज वर येते. वास अगदी नावाप्रमाणे. पण भुकेलं अस्वल झोपेतून उठून बाहेर येतं तेव्हा तेही ती खातं. एप्रिलच्या मध्यावर मेक्सिकोकडून निघालेला अंगठ्याएवढा हमिंगबर्ड येतो. आणि मे महिना लागता लागता मेंडनहॉल हिमनदीच्या पुढच्या तळ्याकाठी आर्क्टिक टर्न येतात. आपल्या सुरयांचे हे भाऊबंद. वजन जेमतेम शंभर ग्रॅम. उन्हाळा उत्तर टोकाला काढतात, आणि तिथे थंडी पडायला लागली की दक्षिण टोकाला अंटार्क्टिकाजवळ जातात. शास्त्रज्ञांनी त्यांच्या पायांना छोटी यंत्रं बांधून मोजलं, तेव्हा काही पक्ष्यांचा वर्षाचा प्रवास सत्तर हजार किलोमीटरच्या वर भरला. मी मुंबई–सिअ‍ॅटल प्रवासाची तक्रार करणं त्या दिवसापासून सोडून दिलं.

जुलैच्या मध्यापासून सामन. समुद्रात मोठा झालेला हा मासा पाण्याचा वास ओळखत ओळखत ज्या ओढ्यात जन्मला त्याच ओढ्यात परत येतो, अंडी घालतो आणि मरतो. त्या वेळी ओढ्याकाठी काळी अस्वलं हजर असतात. अस्वल मासा उचलून झाडीत नेतं, चांगला भाग खातं, उरलेलं तिथेच टाकतं. त्या उष्ट्याचं खत होतं. ओढ्याकाठच्या झाडांमध्ये समुद्रातून आलेला नायट्रोजन सापडतो, कारण त्याची एक वेगळी खूण प्रयोगशाळेत ओळखता येते. म्हणजे डोंगरावरचं झाड समुद्र खाऊन वाढलेलं असतं. अस्वलांचा आम्हालाही प्रसाद मिळतो. कचऱ्याचा डबा आदल्या रात्री बाहेर ठेवायचा नाही असा गावात नियम आहे. मी तो एकदा मोडला. सकाळी अर्ध्या गल्लीला आमच्या घरातली आमटी कोणत्या डाळीची ते कळलं.

तिथे सामनची मासेमारी सुरू करायची की थांबवायची हे ठरवताना, ओढ्यांतून पुरेसे मासे वर गेले का ते मोजतात. आधी वंशाला पुरतील एवढे वर जाऊ द्यायचे, मग जाळं. मोजणारा माणूस नदीकाठी बसून प्रत्येक तासाचा आकडा लिहितो. ज्या तासाला एकही मासा गेला नाही, तिथे शून्य लिहितो.

आता देवमासे. हंपबॅक जातीचे देवमासे हिवाळ्यात हवाईला जातात, पिल्लं तिथे होतात, पण तिथे त्यांना खायला जवळजवळ काहीच नसतं. म्हणून वसंतात चार हजारांहून अधिक किलोमीटर पोहून ते आमच्या खाड्यांत येतात आणि उन्हाळाभर हेरिंग आणि क्रिल खातात. कधी दहा-बारा जण मिळून पाण्याखालून बुडबुड्यांचं गोल कुंपण घालतात, हेरिंग त्यात कोंडतात, आणि सगळे एकदम तोंड उघडून वर येतात. तो आवाज प्रथम ऐकला तेव्हा मी अक्षरशः खाली बसले. जाता जाता सांगते, आपल्या अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत, आणि ते जगातल्या इतर हंपबॅकांसारखे लांबचं स्थलांतर करत नाहीत, वर्षभर इथेच राहतात. फार थोडे उरले आहेत.

हंपबॅक बुडी मारताना शेपूट वर काढतो. त्या शेपटीच्या खालच्या बाजूचं काळं-पांढरं चित्र प्रत्येकाचं वेगळं असतं, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखं. २०१४ च्या उन्हाळ्यात मी एका शेपटीचा फोटो काढला. डाव्या बाजूला फाटलेल्या पतंगासारखा पांढरा डाग. मी त्याचं नाव 'पतंग' ठेवलं. २०१५ मध्ये पतंग पुन्हा दिसला. त्यानंतर हॅपीव्हेल या संकेतस्थळाबद्दल कळलं. तिथे कुणीही शेपटीचा फोटो पाठवायचा, आणि संगणक तो जगभरातल्या फोटोंशी जुळवून पाहतो. माझा फोटो जुळला. हवाईत माऊई बेटाजवळ कुण्या अनोळखी पर्यटकाने त्याच पतंगाचा फोटो घेतलेला होता. त्या रात्री मी आनंदाने शिरा केला. घरातल्यांना वाटलं पगारवाढ झाली.

२०१६ मध्ये पतंग दिसला नाही. २०१७ मध्येही नाही.

त्या वर्षांत उत्तर पॅसिफिकमध्ये काय झालं होतं ते आता माहीत आहे. साधारण २०१४ पासून २०१६ पर्यंत समुद्राचा एक अवाढव्य पट्टा नेहमीपेक्षा खूप गरम राहिला. शास्त्रज्ञांनी त्याला 'ब्लॉब' म्हटलं. गरम पाण्यात छोट्या जिवांचं, आणि पर्यायाने माशांचं, गणित बिघडलं. म्यूर नावाचे समुद्रपक्षी भुकेने मेले. एकट्या अलास्कात सुमारे ४० लाख, म्हणजे तिथल्या एकूण म्यूरांपैकी अर्धे गेले असा अंदाज पुढे प्रसिद्ध झाला. ग्लेशियर बे आणि आसपासच्या पाण्यात हंपबॅकांची संख्या २०१३ ते २०१८ या काळात निम्म्याहून खाली आली. पिल्लं दिसेनाशी झाली. पुढे २०२४ मध्ये सगळ्या उत्तर पॅसिफिकचा हिशेब आला. २०१२ च्या सुमाराला तेहतीस हजारांच्या वर असलेले हंपबॅक २०२१ पर्यंत २६,६०० च्या आसपास उरले होते. हा हिशेब हॅपीव्हेलवर जमा झालेल्या फोटोंवरूनच केला गेला. त्यात शास्त्रज्ञांचे फोटो होते तसे तुमच्या-माझ्यासारख्यांचेही होते.

आता संयोजकांची तिसरी सूचना मोडते.

माझं काम असं आहे, की शेकडो सर्व्हर नीट चालू आहेत ना यावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणा आम्ही बांधतो. प्रत्येक सर्व्हर ठरावीक वेळाने एक छोटा निरोप पाठवतो, "मी जिवंत आहे." त्याला आम्ही हार्टबीट म्हणतो. निरोप आला तर कुणी त्याकडे पाहतही नाही. नाही आला, की रात्री दोनला माझा फोन वाजतो. म्हणजे खरी बातमी असते ती न आलेल्या निरोपाची. पण ती बातमी कळायला एक अट आहे. कुणीतरी त्या निरोपाची वाट पाहत असलं पाहिजे.

दुसरी गोष्ट. आमच्या तक्त्यांमध्ये शून्य वेगळं आणि नल वेगळा. शून्य म्हणजे मोजलं, एकही नव्हता. नल म्हणजे मोजलंच नाही, रिकामी जागा. नवखा मुलगा रिकाम्या जागी शून्य भरतो किंवा शून्य पुसून टाकतो, आणि पुढची सगळी सरासरी चुकते. आणि सगळ्यांत वाईट काय, तर रिकाम्या जागी अंदाजाने काहीतरी बरोबर दिसणारं भरणं. ते दिसतं इतकं व्यवस्थित, की त्याचा संशयच येत नाही.

ग्लेशियर बेमधले देवमासे निम्मे झाले हे कळलं, कारण तिथे १९८५ पासून दर उन्हाळ्यात माणसं त्याच पाण्यात जाऊन मोजतात. पूर्ण दिवस हिंडून एकही शेपूट दिसली नाही, तरी तो दिवस लिहून ठेवतात. माझ्या शेजारी सत्तरीच्या बाई राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात तीस-बत्तीस वर्षांची कॅलेंडरं खुंटीला टांगलेली आहेत. टर्न आल्याच्या दिवशी त्या गोल करतात. पण मला आवडल्या त्या गोलाच्या आधीच्या बारीक फुल्या. प्रत्येक फुली म्हणजे, आज तळ्यावर गेले होते, आले नव्हते. गोल खरा ठरतो तो त्या फुल्यांमुळे.

२०१६ च्या ऑक्टोबरात मी माझी वही चाळत होते. त्या उन्हाळ्यात ओळीने एकेचाळीस संध्याकाळी मी लिहिलं होतं, "पतंग नाही." वाईट वाटत होतंच. पण त्याहून दुसरंच काही मनात टोचायला लागलं. मला आपला वर्ग दिसला. खाकी वही दिसली.

आता ती गोष्ट पुरी करते.

"१४ मार्च, आज कुरव परत गेले" हे वाक्य माझं होतं.

मी त्या आठवड्यात खाडीवर गेलेच नव्हते. परीक्षा जवळ आली होती, कंटाळा आला होता. दादाने कधीतरी म्हटलं होतं की मार्चमध्ये कुरव जातात. मी आपली एक तारीख ठोकून दिली. दोन दिवसांनी माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, माझी नोंद राहिली, तू पाहिलंस का?" मी म्हटलं, "हो, सोमवारी गेले." तिने माझ्यावर विश्वास ठेवून ते उतरवून घेतलं. सर तिला ओरडत होते तेव्हा माझी वही गठ्ठ्यात खाली होती. मधल्या सुट्टीत मी ती गठ्ठ्यातून काढली, खोडरबराने ती ओळ पुसली आणि पुन्हा ठेवून दिली. तिने माझं नाव सांगितलं नाही. वर्गातही नाही, नंतर घरी जातानाही नाही. आणि तिच्या जागी प्रदर्शनाला मी गेले. बक्षीसही आणलं. शाळेच्या फळ्यावर माझं नाव लिहिलं गेलं.

एकतीस वर्षं झाली. मध्ये कितीदा तरी आपण भेटलो. लग्नांत भेटलो, बारशांत भेटलो. दर वेळी वाटलं सांगावं, आणि दर वेळी वाटलं, आता कशाला जुनं उकरायचं, तिला आठवतही नसेल. ते न पाहता लिहिण्यासारखंच होतं. तिला काय आठवतं हे मी तिला विचारलंच नव्हतं.

तू दुसऱ्या रांगेत बसली आहेस. तू आज जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतेस, आणि मघाशी चहाच्या वेळी सांगत होतीस की मुलांना पावसाच्या नोंदी ठेवायला लावतेस. ओरडा तुला सगळ्यांसमोर बसला होता, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागते. तू खोटं लिहिलं नव्हतंस. मी लिहिलं होतं. लगेच काही बोलू नकोस, तुला बोलावंसं वाटेल तेव्हा बोल.

आणि सर, तुम्ही ओरडलात ते बरोबरच होतं, फक्त चुकीच्या बाकावर. तुमचं वाक्य मात्र चुकीच्या मुलीने घरी नेलं आणि अजून सोडलेलं नाही. आज माझ्या हाताखाली जी मुलं शिकतात त्यांना मी इंग्रजीत तेच सांगते.

गेल्या आठवड्यात आईच्या माळ्यावर ती वही सापडली. पान पिवळं पडलंय, खोडलेल्या जागेवर कागद पातळ झालाय, उजेडाला धरलं की पलीकडचं दिसतं. काल संध्याकाळी मी खाडीवर गेले होते. कुरव आहेत. लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवरून आलेले. मोजले, चौसष्ट. डोकी पांढरी, डोळ्यामागे एक काळसर ठिपका, डिसेंबरात असतात तशीच. आपल्या लहानपणी याहून जास्त असत असं वाटतं. पण खात्रीने सांगता येत नाही, कारण आपल्या वह्या आपण दहावीनंतर टाकून दिल्या. सर, तुमच्या वह्या मात्र आहेत, हे कालच तुमच्या सुनेकडून कळलं. त्या शाळेने जपाव्यात, आणि या वर्षापासून नववीच्या मुलांनी पुढच्या लिहाव्यात, एवढी माझी विनंती आहे. कागद-पेन आपल्या बॅचने पुरवू.

पतंग अजून दिसलेला नाही. दर उन्हाळ्यात मी पाहते. तो मेला असं मी लिहीत नाही, कारण ते मी पाहिलेलं नाही. "नाही दिसला" एवढंच लिहिते.

आणि त्या खोडलेल्या जागेवर काल रात्री पेनाने लिहिलं. सर, तुमची सही हवी आहे. वाचून दाखवते आणि थांबते:

"१४ मार्च १९९४. पाहायला गेले नव्हते."